बदलत्या जडत्वाच्या मोटरचे अनुकूली नियंत्रण: प्रकल्प नोंदी

९ जून

प्रयोगाची मांडणी आज पूर्ण झाली. एका डीसी मोटरच्या दांड्यावर वेगवेगळ्या जडत्वाच्या चकत्या बसवता येतात, एन्कोडरवरून (दांड्याच्या फिरण्याची गणना करणारे उपकरण) वेग मोजला जातो आणि दर ५ मिलिसेकंदांनी नियंत्रक मोटरला द्यायचा व्होल्टेज ठरवतो. व्होल्टेजची मर्यादा अधिक-उणे २४ व्होल्ट आहे. सर्वांत हलकी चकती लावून घेतलेल्या चाचण्यांतून मोटरचे मॉडेल पहिल्या क्रमाचे मिळाले: टाइम कॉन्स्टंट (प्रतिसादाच्या संथपणाचे माप) ०.५ सेकंद आणि स्थिर अवस्थेत दर व्होल्टला ४ रेडियन प्रति सेकंद इतका वेग. चकती जड झाली की टाइम कॉन्स्टंट जडत्वाच्या पटीत वाढतो, परंतु स्थिर अवस्थेतील वेग तोच राहतो, कारण तो घर्षणावर ठरतो, जडत्वावर नाही. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून येथेच लिहून ठेवतो.

प्रकल्पाचा प्रश्न असा आहे: जडत्व किती पट बदलेपर्यंत एकच स्थिर (न बदलणारा), रोबस्ट (बदल सोसणारा) नियंत्रक पुरतो, आणि अनुकूली (चालता चालता स्वतःला बदलणाऱ्या) नियंत्रकाची गरज नेमकी कोठून सुरू होते? प्रस्तावात हा प्रश्न मी याच शब्दांत लिहिला होता. तरीही खरे सांगायचे तर, गरज सुरुवातीपासूनच आहे असे गृहीत धरूनच मी कामाला लागलो आहे.

१३ जून

रेफरन्स मॉडेलवर (मोटरने ज्याची नक्कल करायची ते आदर्श मॉडेल) आधारलेला अनुकूली नियंत्रक लिहून झाला. रेफरन्स मॉडेलचा टाइम कॉन्स्टंट एक षष्ठांश सेकंद ठेवला आहे. नियंत्रकाचा नियम साधा आहे: मागणी-वेगाला फीडफॉरवर्ड गेनने (गेन म्हणजे गुणक) गुणायचे आणि त्यातून फीडबॅक गेन गुणिले मोजलेला वेग वजा करायचा. हलक्या चकतीसाठी आदर्श फीडबॅक गेन ०.५ आणि फीडफॉरवर्ड गेन ०.७५ येतो. चौपट जडत्वाला हेच आकडे २.७५ आणि ३ होतात.

दोन्ही गेन बदलण्याचा नियम लायापुनोव्ह पद्धतीने (ऊर्जेसारखे एक फलन वाढत नाही हे दाखवून स्थिरता सिद्ध करण्याची रीत) काढला आहे. १९५८ च्या सुमारास एमआयटीत व्हिटेकर आणि सहकाऱ्यांनी मांडलेला ग्रेडियंटचा नियम अधिक सोपा वाटतो, पण त्यात स्थिरतेची हमी नव्हती. पार्क्स यांनी १९६६ मध्ये लायापुनोव्ह फलनावरून तोच प्रश्न नव्याने मांडला, तेव्हा ती हमी मिळाली. अर्थात ही हमी कागदावरच्या प्रणालीची आहे, मेजावरच्या मोटरची नाही, हे मला माहीत होते. माहीत असणे आणि त्याची झळ बसणे या गोष्टी किती वेगळ्या आहेत, ते पुढच्या आठवड्यात कळले.

१४ आणि १६ जून

पायरीच्या आकाराची मागणी देऊन अनेक लहान चाचण्या घेतल्या. प्रत्येक चाचणी सुमारे एक मिनिटाची होती. चकती बदलल्यावर तीन-चार पायऱ्यांत गेन जुळून येतात आणि वेग मॉडेलच्या रेषेवर बसतो. आलेख देखणे आहेत. अनुकूलनाचा दर, म्हणजे गेन किती वेगाने बदलायचे ते, ०.५ ठेवला आहे.

१९ जून

आज हलकी चकती लावून १० रेडियन प्रति सेकंद ही स्थिर मागणी दिली आणि नोंदवहीतले आकडे लिहीत बसलो. सुमारे २४ मिनिटे सर्व शांत होते. त्यानंतर मोटर प्रथम बारीक गुणगुणू लागली आणि काही सेकंदांतच सगळी चौकट थरथरू लागली. आणीबाणीचे बटण दाबून वीज तोडावी लागली. कपलिंगचा एक स्क्रू सैल झाला आहे, बाकी नुकसान नाही.

साठवलेल्या आकड्यांवरून दिसले ते असे. वेगाची सरासरी त्रुटी संपूर्ण २४ मिनिटे जवळजवळ शून्य होती. त्याच वेळी दोन्ही गेन मात्र एकमेकांचा हात धरून सावकाश वर चढत होते. फीडबॅक गेन ०.५ वरून निघून १७ च्या आसपास पोहोचला, तेव्हा १०.९ हर्ट्झचे कंपन सुरू झाले. संपूर्ण प्रवासात फीडफॉरवर्ड गेनमधून फीडबॅक गेन वजा केला तर उत्तर ०.२५ च्या आसपासच राहत होते. बाहेरून पाहणाऱ्याला हा नियंत्रक अखेरच्या अर्ध्या मिनिटापर्यंत निर्दोष वाटला असता.

२० जून

कंपनाची वारंवारता समजून घेण्यासाठी मॉडेलमध्ये न धरलेल्या गोष्टींची यादी केली. वेगाच्या मोजमापावर ४० रेडियन प्रति सेकंदाचा पहिल्या क्रमाचा फिल्टर आहे. आकडेमोडीला एक सॅम्पल (५ मिलिसेकंद) लागतो आणि व्होल्टेज पुढच्या सॅम्पलपर्यंत धरून ठेवल्यामुळे सरासरी अर्ध्या सॅम्पलचा विलंब होतो, म्हणजे एकूण साडेसात मिलिसेकंद. या दोन्ही गोष्टी धरल्या तर एकूण फेज (सिग्नलचे मागे पडणे) उणे १८० अंश होते ती वारंवारता ७१.६ रेडियन प्रति सेकंद, म्हणजे ११.४ हर्ट्झ, आणि तेथे लूप (मोजमाप, व्होल्टेज आणि वेग यांचे चक्र) अस्थिर करणारा फीडबॅक गेन १८.४ येतो. प्रत्यक्षात १०.९ हर्ट्झ आणि १७ मिळाले. मोटरच्या गुंडाळीचा टाइम कॉन्स्टंट मी धरला नव्हता. तो एक मिलिसेकंदाहून कमी असला तरी एवढा फरक पाडायला पुरेसा आहे. येथून पुढे मर्यादा १७ हीच धरतो.

पहिल्या क्रमाच्या आदर्श मॉडेलला मात्र अशी मर्यादाच नाही, त्याचा गेन कितीही वाढवला तरी ते स्थिर राहते. अनुकूली नियमाच्या सिद्धतेने नेमका हाच भोळा समज उराशी धरला आहे. वाढत्या गेनला तेथे काही किंमत नसल्यामुळे तो का वाढतो आहे हे विचारण्याचे कारणच तिला पडत नाही.

२५ जून

ही गोष्ट नवी नाही. रोर्स, वालावानी, अथान्स आणि स्टाइन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस हेच दाखवून दिले आणि १९८५ मध्ये त्यांचा सविस्तर लेख प्रसिद्ध झाला. त्यांचे उदाहरण आज सिम्युलेशनमध्ये पुन्हा उभे केले. मूळ प्रणाली पहिल्या क्रमाची, तिचा ध्रुव (प्रतिसादाची गती ठरवणारा आकडा) उणे १ वर आणि गेन २. रेफरन्स मॉडेलचा ध्रुव उणे ३ वर. न धरलेला भाग दुसऱ्या क्रमाचा, भरपूर अवमंदन असलेला, त्याचे ध्रुव उणे १५ अधिक-उणे २ जे (जे म्हणजे उणे १ चे वर्गमूळ) या ठिकाणी. दिसायला अगदी निरुपद्रवी. राऊथच्या कसोटीने (स्थिरता तपासण्याची बीजगणिती रीत) हिशेब केला तर फीडबॅक गेन १७.०३ झाला की लूप अस्थिर होतो आणि त्या वेळी कंपनाची वारंवारता २५९ चे वर्गमूळ, म्हणजे १६.१ रेडियन प्रति सेकंद येते. त्यांच्या प्रसिद्ध प्रयोगांमध्ये हीच १६.१ वारंवारता वापरलेली आहे. आमच्या मोटरची मर्यादाही १७ च यावी हा निव्वळ योगायोग आहे, पण तो पाहून क्षणभर हसू आले.

मागणी स्थिर २ आणि मोजमापात १६.१ वारंवारतेचा ०.५ उंचीचा साइन सिग्नल मिसळला, तेव्हा प्रणाली बराच काळ ठीक चालली आणि मग कोसळली. त्यांनी सुरुवातीचे गेन ०.६५ आणि १.१४ असे घेतले होते. त्यांतील फरक ०.४९ आहे, आणि त्या प्रणालीत स्थिर अवस्थेतील त्रुटी शून्य ठेवणारी रेषा म्हणजे फरक बरोबर ०.५. सुरुवातीचा बिंदू जवळजवळ रेषेवरच होता. आमचे गेनही अशाच रेषेवर सरकत होते, फक्त आमची रेषा ०.२५ ची.

१ जुलै

घसरण का होते, याचा हिशेब आज हाताने मांडला आणि तो इतका सरळ निघाला की आधी सुचला नाही याचे वाईट वाटले.

मागणी स्थिर असताना प्रणालीला एकच माहिती मिळते, ती म्हणजे शून्य वारंवारतेवर गेनची एक विशिष्ट जोडी. दोन अज्ञात आणि एक समीकरण. गेनची जोडी त्या ०.२५ च्या रेषेवर कोठेही असली तरी सरासरी त्रुटी शून्यच राहते, त्यामुळे रेषेच्या दिशेने ढकलणारे काही असेल तर त्याला रोखणारे कोणी नाही. ढकलणारा आहे मोजमापातील नॉइज (अनियमित चढउतार). फीडबॅक गेनच्या नियमात त्रुटी गुणिले मोजलेला वेग असा गुणाकार आहे. नॉइज त्रुटीतही आहे आणि वेगातही आहे, म्हणून त्या गुणाकारात नॉइजचा वर्ग येतो. वर्गाची सरासरी कधीच शून्य होत नाही आणि तिचे चिन्हही बदलत नाही. परिणामी गेन एकाच दिशेने, वरच्याच दिशेने, जातो. रेषेवरून सरकण्याचा दर अनुकूलनाचा दर गुणिले नॉइजच्या वर्गाची सरासरी भागिले २ इतका येतो.

आमच्या एन्कोडरला एका फेऱ्यात २००० गणना मिळतात, त्यामुळे ५ मिलिसेकंदांच्या खिडकीत एका गणनेचा फरक म्हणजे ०.६३ रेडियन प्रति सेकंद होतो. फिल्टरनंतर मोजलेले नॉइजचे आरएमएस मूल्य (वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) ०.२ आहे. म्हणजे घसरणीचा दर ०.५ गुणिले ०.०४ भागिले २, अर्थात सेकंदाला ०.०१. फीडबॅक गेन ०.५ वरून १७ वर जायला १६५० सेकंद, म्हणजे साडेसत्तावीस मिनिटे लागायला हवीत. मोटरने २४ घेतली. गेन वाढत जातो तसा लूप १०.९ हर्ट्झच्या आसपासचा नॉइज स्वतःच वाढवू लागतो, म्हणून शेवटचा टप्पा हिशेबापेक्षा लवकर संपतो.

मिनिटभराच्या चाचण्यांत हे कधीच का दिसले नाही, तेही आता उघड आहे. प्रत्येक पायरी नवी माहिती आणते आणि गेनना पुन्हा आदर्श जोडीकडे खेचते. मी मागणी बदलत राहिलो, म्हणून माझा नियंत्रक शहाणा दिसला.

४ जुलै

मार्गदर्शक मॅडमना हिशेब दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, एका ठिकाणी चिन्हाची चूक काढली आणि मग विचारले, “चौपट जडत्वासाठी साधा, न बदलणारा गेन लावून पाहिला आहे का तुम्ही?” मी नाही म्हणालो. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, फक्त वही परत दिली.

८ जुलै

लावून पाहिला. फीडबॅक गेन २.७५ वर कायम ठेवला, रेफरन्स मॉडेलचा वेग हीच मागणी मानली आणि मधल्या जडत्वाच्या हिशेबाने फीडफॉरवर्ड जोडला. हलक्या चकतीला हा गेन गरजेपेक्षा जास्त आहे, पण १७ च्या मर्यादेपासून सहा पटींहून दूर आहे, म्हणजे गेन मार्जिन (अस्थिर होण्याआधी गेन किती पट वाढू शकतो ते) जवळजवळ १६ डेसिबल. जड चकतीला तो नेमका पुरतो. स्थिर अवस्थेतील वेग जडत्वावर अवलंबून नसल्यामुळे तेथे त्रुटी राहत नाही. एका ते चौपट जडत्वासाठी हा नियंत्रक तासन्‌तास चालतो, काही शिकत नाही आणि काही विसरतही नाही.

म्हणजे ज्या श्रेणीसाठी मी महिनाभर अनुकूलनाची जुळवाजुळव करत होतो, त्या श्रेणीत अनुकूलनाची गरजच नव्हती. हा निष्कर्ष प्रबंधात जसाच्या तसा लिहायचा आहे, म्हणून तो येथे तारखेसह नोंदवून ठेवतो.

१५ जुलै

मग गरज कोठे सुरू होते? जडत्व हलक्या चकतीच्या क्ष पट असेल तर लागणारा फीडबॅक गेन ०.७५ क्ष उणे ०.२५ येतो. हलक्या चकतीवर किमान ६ डेसिबल (दुप्पट) गेन मार्जिन राखायचे ठरवले तर स्थिर गेन ८.५ च्या वर नेता येत नाही, म्हणजे क्ष सुमारे ११.७ पर्यंत स्थिर नियंत्रक पुरतो. वीसपट जडत्वाला १४.७५ लागतो. तो हलक्या चकतीवर लावला तर मार्जिन जेमतेम सव्वा डेसिबल उरते. तेथे स्थिर गेनचा पर्याय संपतो.

परंतु तेथे मोटरही संपते. ५ रेडियन प्रति सेकंदाची पायरी मॉडेलच्या गतीने गाठायला सुरुवातीला ३.७५ क्ष इतके व्होल्ट लागतात. २४ व्होल्टच्या मर्यादेत क्ष ६.४ च्या पुढे जाऊच शकत नाही. म्हणजे एवढ्या पायरीला स्थिर नियंत्रकाचे मार्जिन संपण्याच्या कितीतरी आधी मोटरची ताकद संपते. पायरी २ ची ठेवली तर ही मर्यादा १६ पटींवर जाते आणि ११.७ ते १६ अशी एक अरुंद पट्टी उरते, जिच्यात मोटर सक्षम आहे आणि स्थिर गेन अपुरा आहे. अनुकूलनासाठी उरलेली सगळी जागा एवढीच.

हा हिशेब करायला एक दुपार लागली. तो जूनमध्ये करता आला असता.

२२ जुलै

एक बाजू मात्र कालपर्यंत निसटली होती. ८.५ चा स्थिर गेन ०.२ च्या नॉइजला गुणतो आणि मोटरच्या टोकांवर सतत १.७ व्होल्ट आरएमएसची कुरबुर राहते. हलक्या चकतीला ०.५ गेन पुरतो आणि तेव्हा ही कुरबुर ०.१ व्होल्ट असते. फरक सतरापट आहे. मोटर ऐकूनही तो कळतो. दोन तासांनी गुंडाळीला हात लावल्यावर तर नक्कीच कळतो. स्थिरता राखण्यासाठी अनुकूलन नको असले, तरी गरज नसताना मोठा गेन वापरायला लागू नये म्हणून ते हवे असू शकते. प्रकल्पाचा प्रश्न येथे बदलतो आणि मला वाटते, सुधारतो.

३० जुलै

वाचन. अमेरिकेच्या एक्स-१५ या रॉकेट-विमानाच्या तिसऱ्या यानावर एमएच-९६ नावाची अनुकूली नियंत्रण प्रणाली होती. तिचे तत्त्व असे की गेन वाढवत न्यायचा, कंपनाची पहिली चाहूल लागली की किंचित खाली आणायचा आणि नेहमी त्या काठावरच राहायचे. हवेची घनता प्रचंड बदलत असताना यामुळे नियंत्रणाचा प्रतिसाद सारखा राही, आणि अनेक उड्डाणांत तिने चांगले काम केले. १५ नोव्हेंबर १९६७ रोजी मायकेल ॲडम्स यांचे यान परतीच्या मार्गावर मॅक ५ च्या (ध्वनीच्या पाचपट) वेगाने गरगरत गेले. त्यांनी त्यातून यान सावरले, पण त्यानंतर प्रणाली सीमाबद्ध (न वाढणाऱ्या, पण न विरणाऱ्या) कंपनात अडकली आणि गेन जसा कमी व्हायला हवा होता तसा झाला नाही. यान हवेतच तुटले आणि ॲडम्स यांचा मृत्यू झाला. अपघाताला विद्युत बिघाड आणि दिशेचा चुकलेला अंदाज अशी इतर कारणेही होती, म्हणून सगळा दोष अनुकूलनावर टाकणे बरोबर होणार नाही.

माझ्या कामासाठी यातली एकच गोष्ट उचलतो. जी प्रणाली काठावर राहूनच काम करते, तिला गेन खाली आणणारी यंत्रणा प्रत्येक वेळी आणि वेळेवर चालावीच लागते. आमच्या मोटरमध्ये अशी सक्ती नको. गेन चुकीचा शिकला गेला तरी लूप स्थिरच राहिला पाहिजे.

६ ऑगस्ट

घसरण थांबवण्याच्या ज्ञात उपायांपैकी पहिला, सिग्मा-मॉडिफिकेशन. इओआनू आणि कोकोतोविच यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस तो मांडला. गेनच्या नियमात एक गळती जोडायची, जी गेनला सतत शून्याकडे ओढते. घसरण नक्की थांबते. प्रश्न असा की ती कोठे थांबते.

हिशेब केल्यावर असे दिसले की स्थिर मागणीखाली दोन गेनची बेरीज नॉइजच्या वर्गाची सरासरी भागिले गळती इतकी होते आणि वजाबाकी ०.२५ राहते. गळती ०.००४ ठेवली तर फीडबॅक गेन ४.९ वर थांबतो, ०.१ ठेवली तर ०.०७५ वर. दोन्हींचा आदर्श ०.५ शी काही संबंध नाही. नॉइज अजिबात नसेल तर फीडबॅक गेन उणे ०.१२५ होतो, म्हणजे नियंत्रक चक्क उलट्या दिशेने फीडबॅक देऊ लागतो! मोटर तरीही स्थिर राहते, कारण तिचे स्वतःचे घर्षण पुरेसे आहे, पण त्यानंतर पहिली पायरी आली की वेग मॉडेलला सोडून भलतीकडे जातो आणि दोन-तीन सेकंद सावरत बसतो. शांत काळात विसरायचे आणि गरज पडली की धडपडायचे, असा हा स्वभाव आहे. गेन आदर्श जोडीपासून दूर भटकणे आणि मग त्रुटीचा अचानक उद्रेक होऊन ते परत येणे, या साखळीचे वर्णन अँडरसन यांनी १९८५ मध्ये केले आहे. तेथे पुरेशी माहिती न देणारी मागणी हे मूळ कारण दाखवले आहे, आणि आमचेही तेच आहे.

१२ ऑगस्ट

गळती शून्याकडे न ठेवता मधल्या जडत्वाच्या गेनकडे ठेवली. सुधारणा आहे, पण मग अनुकूलन शांत काळात हळूहळू स्थिर नियंत्रकाकडेच परत जाते. नरेंद्र आणि अन्नस्वामी यांनी १९८७ मध्ये सुचवलेली ई-मॉडिफिकेशन, ज्यात गळतीचा जोर त्रुटीच्या आकाराप्रमाणे बदलतो, तीही करून पाहिली. शांत काळातील विसर कमी झाला, परंतु आमची त्रुटी नॉइजमुळे कधीच शून्य होत नसल्याने गळतीही पूर्ण थांबत नाही. तपशील वेगळ्या वहीत आहेत.

२१ ऑगस्ट

डेड-झोन. पीटरसन आणि नरेंद्र यांचा १९८२ चा उपाय: त्रुटी ठरावीक मर्यादेच्या आत असेल तेव्हा शिकणे थांबवायचे. नॉइजचे आरएमएस मूल्य ०.२ असल्याने मर्यादा चौपट, ०.८ ठेवली. घसरण पूर्ण थांबली. आता ०.८ च्या आतली खरी त्रुटीही नियंत्रकाला दिसत नाही, आणि १० च्या मागणीला ती ८ टक्के होते. हे मान्य होण्यासारखे नाही.

यावर सर्वांत स्वस्त उपाय नियंत्रणशास्त्रात नव्हताच. प्रयोगशाळेतील एका सहकाऱ्याने दोन गणनांमधील वेळ मोजून वेग काढण्याची पद्धत एन्कोडरला जोडून दिली. नॉइज ०.२ वरून ०.०७ वर आला. घसरणीचा दर नॉइजच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे तो आठपट कमी झाला, आणि डेड-झोन ०.३ वर आणता आला. सिद्धांताच्या चार सुधारणांवर इतके दिवस घालवल्यानंतर एका टायमरने हे केले, याची नोंद प्रामाणिकपणे करतो.

२ सप्टेंबर

प्रोजेक्शन जोडले. फीडबॅक गेनला शून्य ते ८.५ आणि फीडफॉरवर्ड गेनला ०.३ ते ९ या चौकटीबाहेर जाता येत नाही. चौकटीच्या कडेला पोहोचलेला गेन बाहेर जाऊ पाहत असेल तर नियम त्याला कडेवरच धरतो.

वरची मर्यादा ८.५ कोठून आली ते महत्त्वाचे आहे. ती अनुकूली सिद्धांतातून आलेली नाही. सर्वांत हलक्या चकतीची मोजलेली मर्यादा १७, तिच्या निम्मी. म्हणजे अनुकूली नियम काहीही चुकीचे शिकला, नॉइजने फसला किंवा चकती अचानक निघाली, तरी त्या क्षणी उरणारे मार्जिन ६ डेसिबलपेक्षा कमी नाही. चौकट रोबस्ट हिशेबाने ठरते आणि चौकटीच्या आत कोठे उभे राहायचे ते अनुकूलन ठरवते. अर्थात गेन चौकटीतल्या कोणत्याही जागी थांबवून ठेवला तर लूप स्थिर आहे, एवढेच यातून सिद्ध होते. गेन वेगाने बदलत असताना त्याच हमीवर विसंबता येत नाही, म्हणून अनुकूलनाचा दर ०.५ वरून ०.१ वर आणला.

या चौकटीची किंमतही आहे. ११.७ पटींच्या वरच्या जडत्वाला लागणारा गेन आता निषिद्ध आहे, म्हणजे १५ जुलैला सापडलेली ती अरुंद पट्टी मी स्वतःहून सोडली. मॅडमना हे पटले. मलाही पटले, पण थोडे जड मनाने.

११ सप्टेंबर

अकरापट जडत्वाची चकती तयार होऊन आली. आदर्श गेन ८ आणि ८.२५. सवयीने ५ ची पायरी दिली. सुरुवातीलाच ४१ व्होल्ट हवे होते, मिळाले २४. वेग मॉडेलच्या मागे पडला आणि अनुकूली नियमाने त्याचा अर्थ गेन चुकीचे आहेत असा लावला. त्याने फीडफॉरवर्ड गेन चौकटीच्या वरच्या कडेला नेला, फीडबॅक गेन खाली ओढला, आणि वेग अखेर पोहोचला तेव्हा मागणी ओलांडून बराच पुढे गेला. चौकट नसती तर काय झाले असते त्याचा विचार करत नाही.

उपाय दोन केले. व्होल्टेज मर्यादेला टेकले असेल तोपर्यंत शिकणे गोठवायचे, आणि मागणीचा चढ आधीच मर्यादित करायचा, म्हणजे मोटरला अशक्य असलेला मार्ग मॉडेलने मागूच नये. न मिळालेल्या व्होल्टेजचा परिणाम रेफरन्स मॉडेलमध्ये वजा करण्याची अधिक नीटस पद्धत आहे, परंतु तिला जडत्वाचा अंदाज लागतो आणि तो अंदाज चुकला तर मॉडेलच भरकटते. आमच्या गरजेला पहिले दोन उपाय पुरले.

२४ सप्टेंबर

चकती सुटण्याची चाचणी. अकरापट चकती क्लचने जोडली, २ च्या पायऱ्या देऊन गेन शिकू दिले, फीडबॅक गेन ७.८ वर स्थिरावला, आणि फिरत असतानाच क्लच सोडला. हिशेबाने या गेनवर हलक्या मोटरचे मार्जिन ६.८ डेसिबल आहे. कंपन उमटले आणि अर्ध्या सेकंदाच्या आत विरले. त्यानंतर गेन सहा पायऱ्यांत खाली आला. हेच आकडे वीसपट जडत्वाच्या १४.७५ गेनने सिम्युलेशनमध्ये चालवले, तेव्हा कंपन विरायला कितीतरी जास्त वेळ लागला आणि विलंबात एका मिलिसेकंदाची भर घातली तर ते जवळजवळ विरलेच नाही.

क्लच हाताने सोडायचा असल्यामुळे आम्ही दोघे पारदर्शक कवचामागे उभे होतो. पहिल्या वेळी दोघांनीही डोळे मिटले होते, त्यामुळे ती चाचणी पुन्हा घ्यावी लागली.

८ ऑक्टोबर

प्रकरणाचा मसुदा लिहिताना डॉयल यांच्या १९७८ च्या लेखाची आठवण झाली. एलक्यूजी (अवस्थांचा अंदाज घेऊन इष्टतम ठरवलेल्या) नियंत्रकांना हमखास मार्जिन किती, या प्रश्नाला त्या लेखाच्या सारांशात तीन शब्दांत उत्तर आहे: काहीही नाही. सर्व अवस्था थेट मोजता आल्या तर एलक्यूआरमध्ये (अंदाजकाविना तीच रचना) ६० अंशांचे फेज मार्जिन मिळते, पण मध्ये अंदाजक आला की ती हमी नाहीशी होते. आमच्या पहिल्या क्रमाच्या मोटरचे अमर्याद गेन मार्जिनही एका साध्या फिल्टरने आणि दीड सॅम्पलच्या विलंबानेच १७ वर आणले होते. प्रकरणात हा संदर्भ घेतला आहे, कारण परीक्षकांचा पहिला प्रश्न बहुधा तोच असेल.

१७ ऑक्टोबर

हलकी चकती, १० ची स्थिर मागणी, जूनमधलीच चाचणी. या वेळी प्रोजेक्शन, ०.३ चा डेड-झोन, ०.१ चा अनुकूलन दर आणि नवे वेगमापन. सकाळी सुरू केली आणि आठ तास चालू ठेवली. फीडबॅक गेन ०.५३ वरून निघाला आणि ०.५६ वर थांबला. एवढी हालचाल एन्कोडरच्या एखाद्या मोठ्या उडीने त्रुटी डेड-झोनबाहेर गेल्यामुळे होते, आणि ती नेहमी वरच्याच दिशेने होते, म्हणजे घसरण मेलेली नाही, फक्त दबली आहे. तुलनेसाठी उद्या ८.५ चा स्थिर गेन तेवढाच वेळ चालवून गुंडाळीचे तापमान मोजायचे आहे. तापमापक आजच चिकटवून ठेवला.